गाळणीचं वाण

लॅपटॉप कशावर ठेवायचा यावरून पहिली ठिणगी पडली. कमलाकर साटमांचं म्हणणं, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा, समितीला हनुवटी दाखवत बसायचं नाही. मिलिंद म्हणाला, खाली दोन पुस्तकं ठेवली की झालं. त्याने कपाटातून हाताला लागलं ते पुस्तक ओढलं, तर ते नेमकं पक्षाच्या नियमांचं निघालं, बाबांनी पानोपानी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेलं.

"ते नको," कमलाकर म्हणाले. "त्याची आज गरज पडणार आहे."

"बाबा, झूमवर हिअरिंग आहे. कोर्ट नाही."

"तेच तर. कोर्टात निदान वकील देतात."

शेवटी मीनलताईंनी आतून इडलीचं मोठं पातेलं आणलं, जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं आणि काही न बोलता परत स्वयंपाकघरात गेल्या. दोन दिवस त्या कोणाशी धड बोलत नव्हत्या. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या या घरात सत्तेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्यामुळे बाकीच्यांचे आवाज उगाच चढलेले होते.

सुनावणी तीनला होती. त्यात ठरणार होतं ते एवढंच, की इथल्या खासदारकीच्या जागेसाठी पक्षाच्या सभासदांना उद्या ज्या मतपत्रिका जातील, त्यांवर नीनाचं नाव राहणार की पुसलं जाणार. नीना म्हणजे कमलाकर आणि मीनलताईंची धाकटी, बावन्न वर्षांची, सोळा वर्षं कौन्सिलर. तिच्यासमोर उमेदवारी मागणारे दोघे. एक पक्षाच्या मुख्यालयाने लंडनहून पाठवलेला गृहस्थ, ज्याला नकाशा बघितल्याशिवाय गावच्या मुख्य बाजाराची हाय स्ट्रीटही सापडत नव्हती. दुसरा सुश्रुत. मिलिंदचा मुलगा, एकतीस वर्षांचा, नीनाचा सख्खा भाचा. आणि नीनाविरुद्धची तक्रार सुश्रुतच्या प्रचार कचेरीतून गेली होती.

तक्रार म्हणाल तर एका चहाच्या गाळणीची. संक्रांतीनंतरच्या शनिवारी मीनलताईंनी दरवर्षीप्रमाणे हळदीकुंकू केलं. यंदा निमित्त मोठं होतं, सुश्रुतची बायको निधी हिची लग्नानंतरची पहिली संक्रांत. काळी साडी, नागपूरहून तिच्या आईने पाठवलेले हलव्याचे दागिने, बेचाळीस बायका, आणि प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलची गाळणी. पारदर्शक पिशवीत गाळणी, गाळणीत तिळगुळाची पुडी, आणि पुडीमागे नीनाचं प्रचाराचं पत्रक. त्या बेचाळीसपैकी एकोणीस जणी पक्षाच्या सभासद होत्या, आणि उमेदवाराने वा त्याच्या माणसांनी मतदार सभासदांना भेटवस्तू द्यायची नाही असा साफ नियम आहे. निधीने हौसेने फोटो टाकला, अंगावर दागिने आणि हातात पिशवी. पिशवीतून नीना छान हसत होती. सुश्रुतचा प्रचारप्रमुख ऑली याने तो फोटो पाहिला आणि त्याला घबाडच मिळालं.

ऑलीला हळदीकुंकू माहीत नसावं यात नवल नाही. सुश्रुतला माहीत होतं, तो रांगत होता तेव्हापासून त्या बायकांच्या पायांत लुडबुडत होता, आणि तरी त्याने तक्रारीखाली सही केली. हे मात्र घराच्या घशाखाली उतरत नव्हतं.

नीना आली ती प्रचाराचा जाड कोट अंगात असतानाच. सकाळपासून चाळीस दारं वाजवून झाली होती. तिने बूट काढले, हात रेडिएटरवर धरले.

"आई कुठाय?"

"आत. बोलत नाहीये," कमलाकर म्हणाले. वय ब्याऐंशी, पण पाठ ताठ, रविवार असूनही टाय. "कलम सात, पोटकलम तीन. मी दोनदा वाचलं. तक्रार एकदा दिली की मागे घेता येत नाही."

"मागे घ्या असं कोणी म्हटलं?"

"मी म्हणणार होतो. सुश्रुतला."

नीना हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. दिवाळीच्या फराळाला याच टेबलाशी बसून बाबांनी जाहीर केलं होतं, माझं पहिल्या पसंतीचं मत सुश्रुतला, दुसऱ्या पसंतीचं नीनाला. चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले होते. सगळ्यांसमोर. ती तेव्हा काही बोलली नव्हती, आणि न बोललेलं तीन महिने घेऊन फिरत होती.

"मला वाटलं, तुमचा कँडिडेट जिंकतोय म्हणून तुम्ही खूश असाल."

"नीना."

"सॉरी. पण बाबा, सिक्स्टीन इयर्स. ते डॅम्प फ्लॅट्स, ती बंद पडणारी बस, रात्री-अपरात्री फोन. माझा रवी गेला त्या महिन्यातसुद्धा मी वॉर्डातल्या लोकांना भेटायची एक सर्जरी चुकवली नाही. लोकांनी रांग लावली होती, मी टेबलाशी बसून होते. माझं काय कमी पडलं, एकदा सांगून टाका ना."

कमलाकरांनी नियमांचं पुस्तक मिटलं. त्यांना उत्तर माहीत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती, म्हणून ते खिडकीकडे बघून बोलले.

"तुझं काही कमी पडलं नाही. मला शहाण्णव सालची भीती बसलीय. अकरा मतांनी माझी उमेदवारी गेली. लंडनचा माणूस आणून बसवला त्यांनी. निकालानंतर तो साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाला, कमलाकर, यू आर अ वंडरफुल लोकल मॅन. वंडरफुल लोकल मॅन! वीस वर्षं कारखान्यात युनियन चालवली, अर्ध्या वसाहतीला पक्षात आणलं, आणि शेवटी मी वंडरफुल. तुलाही ते हेच म्हणतील गं. सुश्रुतला म्हणता येणार नाही. तो त्यांच्यासारखा बोलतो, त्यांच्या कॉलेजात शिकलाय."

"आणि मी तुमच्यासारखी आहे."

"हो."

"मग त्यात वाईट काय आहे, बाबा?"

कमलाकरांनी आयुष्यभर मालकांशी, मॅनेजरांशी, मंत्र्यांशी वाद घातला होता. आता ते मिटलेल्या पुस्तकाबाहेर आलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या आत दाबत बसले. मिलिंद, जो मिल्टन कीन्सहून मुलाची बाजू घ्यायला म्हणून निघाला होता आणि वाटेतच कुठेतरी ती बाजू सोडून बसला होता, तो उगाचच पातेल्यावरचा लॅपटॉप सरळ करत राहिला.

सुश्रुत आणि निधी आले तेव्हा अडीच वाजले होते. दार मिलिंदने उघडलं आणि मुलाला आत यायला वाट न देता तिथेच उभा राहिला.

"आत्याला विचारायचं तरी होतंस. एक फोन."

"बाबा, प्लीज. इट्स अ प्रोसेस. माझी टीमने फोटो आणला, कंप्लायन्सवाल्याने सांगितलं की रिपोर्ट नाही केला तर आपण पण दोषी. मी काय करणार होतो?"

"सही कोणी केली?"

"मी केला." गडबडला की त्याच्या मराठीचं लिंग नेहमीच चुकायचं.

"मग टीमचं नाव घेऊ नकोस," मिलिंद म्हणाला आणि बाजूला झाला.

आत आल्यावर सुश्रुतने आत्याकडे पाहिलं, आत्याने घड्याळाकडे. कमलाकरांनी नातवाला बस म्हटलं नाही. एरवी ते त्याला उठून बसायला जागा देत, इतकं त्याचं कौतुक. सुश्रुत उभाच राहिला, आणि त्याला आठवीतला एक दिवस आठवला, याच खोलीत आजोबांनी त्याला उमेदवाराचं भाषण करायला लावलं होतं आणि आत्या शेवटच्या रांगेतली भांडखोर मतदार झाली होती. तिने असे प्रश्न विचारले होते की तो रडला होता, आणि मग तिने त्याला आईस्क्रीमला नेऊन उत्तरं शिकवली होती.

"सुश्रुत, जरा आत ये," निधी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिचा आवाज गोड होता, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आतच त्याला कळून चुकलं होतं की हा गोडवा धोक्याचा.

स्वयंपाकघरात मीनलताई चहाचं आधण बघत उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. निधीने आपल्या पर्समधून ती पारदर्शक पिशवी काढली आणि ओट्यावर ठेवली. गाळणी, तिळगूळ, आणि समोर हसणारी नीना आत्या.

"ही माझी पिशवी. माझा फोटो वापरलास ना? मला न सांगता?"

"निधी, आय सेड आय वॉज सॉरी..."

"ते नंतर बघू. आधी उघड."

"काय उघड?"

"पिशवी रे. मीसुद्धा आज सकाळी उघडली. दोन आठवडे तशीच ठेवली होती, पहिल्या संक्रांतीची आठवण म्हणून."

सुश्रुतने पिशवीची दोरी सोडली. नीनाचं पत्रक बाहेर ओढलं, तर त्याच्या मागून, तोंड आत करून ठेवलेलं दुसरं एक पत्रक आलं. निळा सूट, आत्मविश्वासाने वळवलेली मान. तो स्वतःच.

 चहा उतू जायला आला तसा मीनलताईंनी गॅस बंद केला.

"आजी," सुश्रुत म्हणाला, "हे सगळ्या पिशव्यांमध्ये आहे?"

"बेचाळीसच्या बेचाळीस," मीनलताई म्हणाल्या. दोन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य. "तुझी पत्रकं मिलिंदने आणून दिली होती, तिची तिनेच टेबलावर ठेवलेली. मला वाटलं, ती वाटायलाच ठेवलीत. मग दिली वाटून. आत्या मोठी म्हणून पुढे, तू लहान म्हणून मागे. मला काय ठाऊक तुमच्या पक्षात गाळणीला लाच म्हणतात?"

"मग तू सांगितलं का नाहीस? दोन दिवस झाले!"

"सांगून काय झालं असतं? तिचं नाव जाईलच, तुझंही गेलं असतं. निदान एक तरी राहील म्हणून गप्प बसले." त्यांनी उगाच ओटा पुसला. "पोरीचं सोळा वर्षांचं केलेलं माझ्या हाताने गेलं, सुश्रुत. हौसेने केलं मी. दोघं उभे राहिलात याचा मला एवढा अभिमान होता, की आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात तो द्यावासा वाटला. चूक माझीच आहे. पण दोघांना बुडवायचं धैर्य मला झालं नाही."

सुश्रुतने हातातल्या दोन पत्रकांकडे पाहिलं. हिशेब अगदी सोपा होता, आणि तो त्याच्या डोक्यात आपोआप झालाही, कारण त्याला शिकवलंच तसं होतं. समितीकडे फक्त फोटो होता. फोटोत फक्त आत्या होती. तो गप्प बसला तर आत्या बाद, समोर लंडनचा एकटा, आणि त्याच्याशी लढायला आजोबांच्या नावाची सगळी मतं आपल्या खिशात.

"ऑलीला विचारू का?" तो हळूच म्हणाला.

निधीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "विचार ना. पण मग आजींची संक्रांत कशी असते, तेही ऑलीलाच विचार. इथे नको येऊस."

तीनला समिती पडद्यावर आली. तिघं जण, अध्यक्ष एक साठीची बाई, कार्डिफहून बोलणारी, मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. टेबलाच्या एका बाजूला नीना, दुसऱ्या बाजूला सुश्रुत, कॅमेऱ्याबाहेर बाकीचे. खरं तर सुश्रुतने वेगळ्या घरातून बोलायला हवं होतं, ऑलीने तसं बजावलं होतं. पण आजीच्या घरी ये असा निरोप आला की साटमांचं कोणी नाही म्हणत नाही, भांडण असो की नसो.

बाईंनी तक्रार वाचली. तुमच्या वतीने सभासदांना भेटवस्तूसोबत प्रचारपत्रक वाटलं गेलं, हे मान्य आहे का?

"मान्य आहे," नीना इंग्रजीत म्हणाली.

तुम्हाला ते त्या वेळी माहीत होतं?

"नाही. मी त्या दिवशी उशिरा पोचले, पिशव्या दिल्या गेल्या होत्या."

मग त्या कोणी भरल्या?

इथे नीना थांबली. कमलाकर खुर्चीत पुढे सरकले. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं आणि ते उत्तर नीनाला वाचवू शकत होतं. माझ्या वृद्ध आईने, मला न सांगता, एवढं म्हणायचं होतं. एक शब्द वाईट नाही त्यात, सगळं खरं.

"माझ्या घरात भरल्या गेल्या," नीना म्हणाली. "ज्यांनी भरल्या त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांचं नाव मी यात आणणार नाही. प्रचार माझा आहे, जबाबदारी माझी. जो निर्णय द्याल तो मला द्या."

कमलाकरांचा हात नकळत टायच्या गाठीकडे गेला. शहाण्णव साली निकालाच्या रात्री त्यांनी दोष दिला नव्हता असा एकही माणूस शिल्लक नव्हता. प्रचारक, पोस्ट, पाऊस. पोरीने एकाचंही नाव घेतलं नाही. ही माझ्यासारखी नाही, त्यांच्या मनात आलं, ही माझ्याहून बरीच बरी आहे. आणि हे कळायला त्यांना ब्याऐंशी वर्षांचं व्हावं लागलं.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "तक्रारदाराला आणखी काही सांगायचंय?"

सुश्रुतच्या समोर ऑलीने पाठवलेली तीन वाक्यं होती. त्याने तो कागद उलटा केला आणि खिशातून पिशवी काढली, आता दोन्ही पत्रकं पाठीला पाठ लावून परत भरलेली.

"हो. हा फोटोतला पुरावा आहे. तीच पिशवी." त्याने ती कॅमेऱ्यासमोर धरली. पडद्यावर नीना हसली. मग त्याने पिशवी फिरवली, आणि पडद्यावर तो स्वतः हसला. "मागच्या बाजूला मी आहे. सगळ्या बेचाळीस पिशव्यांमध्ये. मला हे अर्ध्या तासापूर्वी कळलं, पण कळलंय. कौन्सिलर साटम बाद होत असतील, तर मीही बाद व्हायला हवं. त्याच नियमाने."

मिलिंदच्या तोंडून "अरे" एवढंच निघालं. नीनाने पहिल्यांदाच मान वळवून भाच्याकडे पाहिलं.

"हे कोणी केलं, हे आम्हाला आता समजून घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या.

"मी," मीनलताई म्हणाल्या. त्या पदराला हात पुसत येऊन दोघांच्या मधोमध उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांचं पोटच दिसत होतं. कमलाकरांनी घाईघाईने खुर्ची दिली. मीनलताईंचं इंग्रजी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये शिकलेलं, त्यात आडपडदा नाही. "मी मिसेस साटम. मी भरल्या. त्यांना माहीत नव्हतं. मला शिक्षा द्या."

हा कार्यक्रम कसला होता ते सांगाल का, बाईंनी विचारलं. आणि मीनलताईंनी सांगितलं. एकोणऐंशी साली या घरात पहिल्यांदा केलं, तेव्हा पाच बायका होत्या, त्यातली एक शेजारची आयरिश. घरी आलेल्या बाईला हळदकुंकू लावायचं, गोड द्यायचं, आणि रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. जी येईल तिला. पूर्वी नवरा गेलेल्या बाईला बोलवत नसत. "माझा जावई रवी गेला, तेव्हा पुढच्या संक्रांतीला पहिलं कुंकू मी माझ्या मुलीला लावलं, सगळ्यांसमोर. दोन बायका उठून गेल्या. त्यांनाही वाण दिलं मी, दारात. दुसऱ्या वर्षी एक परत आली. आता आमच्याकडे सगळ्या येतात."

नीना टेबलाच्या कडेकडे बघत होती. ते कुंकू लावताना आईने हनुवटी किती घट्ट धरली होती, ते तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"आणि दोन पत्रकं का घातलीत?"

"एक माझी मुलगी, एक माझा नातू. एकाचं घालून दुसऱ्याचं कसं ठेवू?"

"तिसरे उमेदवार?"

"ते माझ्या दाराशी आलेच नाहीत. आले असते तर त्यांचंही घातलं असतं. गाळणीत जागा होती."

पडद्यावरच्या डाव्या चौकोनातला माणूस खोकल्याचं निमित्त करून बाजूला वळला. बाईंनी गंभीर राहण्याचा बराच प्रयत्न केला. "मिसेस साटम, नोंदीसाठी विचारते. तुमचा सभासद क्रमांक काय?"

"नाही."

"म्हणजे आत्ता जवळ नाही?"

"मी सभासद नाही."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. कमलाकर, ज्यांनी अर्ध्या वसाहतीला पक्षात आणलं होतं. नीना, जिने त्या बेचाळीसमधल्या एकोणीस जणींचे अर्ज स्वतः भरून घेतले होते. याच स्वयंपाकघरात, आईच्या हातचा चहा पीत.

"काही खास कारण?" बाईंनी विचारलं.

"मला कोणी विचारलं नाही," मीनलताई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

वीस मिनिटांनी समिती परत आली. दोन्ही उमेदवारांना लेखी ताकीद, एकोणीस सभासदांना दोघांनी मिळून माफीचं पत्र पाठवावं, दोन्ही नावं मतपत्रिकेवर कायम. जाता जाता बाई म्हणाल्या, की इतकी वर्षं तक्रारी ऐकतेय, पण आरोपीने आणि तक्रारदाराने एकमेकांसाठी एकाच टेबलावरून शिक्षा मागितलेली आज पाहिली. मग पडदा काळा झाला आणि त्यात साटमांचे चेहरे दिसू लागले.

मिलिंद धपकन खाली बसला. निधीने डोळे पुसले आणि चहा परत गरम करायला ठेवला. सुश्रुत उठला, आत्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आत्या, आय ॲम सो सॉरी. मी विथड्रॉ करतो. आजच. माझी मतं तुला..."

"खबरदार," नीना म्हणाली. "तू मागे हटलास तर याद राख. उद्या सगळीकडे बोलतील की तिला घरच्यांनी रस्ता करून दिला. उभा राहायचं, शेवटच्या दारापर्यंत. मी तुला हरवून जिंकणार आहे, समजलं? आणि तो तिसरा आहे ना, त्याला आपण दोघं मिळून तिसरा ठेवणार."

"आणि मी तुला हरवला तर?"

"मग मी तुझा बॅनर धरीन. पण तशी वेळ येणार नाही." तिने त्याच्या गालावर चापट मारली, जरा जोरातच, आणि मग त्याला जवळ ओढलं. "पिशवी फिरवलीस तेव्हा मला वाटलं, हा आमचाच आहे."

कमलाकर तोवर कपाटाशी खुडबुड करत होते. त्यांना हवा होता तो कागद सापडला, सभासदत्वाचा अर्ज. तो घेऊन ते बायकोसमोर आले. 

"या वेळचं मत तुला मिळणार नाही," ते म्हणाले. "सहा महिने आधी सभासद असावं लागतं. पण पुढच्यासाठी... इथे सही कर. बाकीचं मी भरतो."

मीनलताईंनी अर्जाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. दोन्ही घेतलं नाही.

"सत्तेचाळीस वर्षं तुम्ही लोकांच्या दारात गेलात," त्या म्हणाल्या. "पावसात गेलात, बर्फात गेलात. कुत्री चावली तरी गेलात. लोकांना नमस्कार करून विचारलंत, काय हवं, काय नको. आणि माझ्यापुढे कागद धरायचा, इथे सही कर? असं नाही चालायचं. मला माणसासारखं विचारायला या."

"म्हणजे काय करू?"

"बाहेर जा. बेल वाजवा. तिघंही."

"आजी, सिरियसली?" सुश्रुत म्हणाला.

"कोट घाला, गारठा आहे."

आणि ते गेले. एक कौन्सिलर, एक होऊ घातलेला खासदार आणि पक्षातला या गावचा सगळ्यात जुना सभासद, तिघं जण निमूटपणे बूट चढवून स्वतःच्याच घराबाहेर पडले. दार लागलं. मिलिंद पडदा बाजूला करून बघायला लागला.

"बेल कोणी वाजवायची यावरून भांडतायत," तो म्हणाला.

"भांडू देत," मीनलताई म्हणाल्या. त्यांनी आरशात बघून कुंकू नीट केलं, पदर सारखा केला.  निधीने त्यांचा हात धरला. "दोघं गं," मीनलताई तिला म्हणाल्या. "माझ्या घरातून दोघं. एक पोटचं, एक हाताखाली वाढलेलं. आणि आज दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. यापेक्षा मोठी संक्रांत कुठली?"

बेल वाजली. त्या जागच्या हलल्या नाहीत. दारात उभं राहणाऱ्याला थोडं ताटकळावं लागतं, हे त्यांना नवऱ्याच्या गोष्टींवरून ठाऊक होतं. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा त्या सावकाश चालत गेल्या आणि दार उघडलं.

"कोण आपण? काय काम आहे?"

नीना पुढे व्हायला निघाली होती, पण कमलाकरांनी तिला हाताने थांबवलं. त्यांनी टोपी काढली.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी कमलाकर साटम. इथेच राहतो. या गल्लीतलं प्रत्येक दार मी वाजवलंय, फक्त हेच राहिलं. माझी चूक झाली. तुम्हाला वेळ असेल तर आमचं थोडं ऐकून घ्याल का?"

मीनलताईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, घाई न करता.

"पाय पुसून आत या," त्या म्हणाल्या.

त्या टेबलाशी गेल्या. पातेल्यावरचा लॅपटॉप उचलून त्यांनी मिलिंदच्या हातात दिला, आणि टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसल्या, जिथे एरवी कमलाकर बसत. ते तिघं समोर उभे राहिले.

"हं," मीनलताई म्हणाल्या. "आता सांगा, तुम्ही लोकांसाठी नेमकं काय करणार आहात?"